जपानी गाडी आणि तिची दोन इंजिनं

आयुष्यभर मी सरकारी जीप चालवली. साहेब बदलत गेले, जिपा बदलत गेल्या, आणि मागच्या सीटवर काय बोलणं चाललंय ते आपल्याला ऐकूच येत नाही असं तोंड करून मी रस्ता पाहत राहिलो. निवृत्त झालो तेव्हा वाटलं, आता गाडीशी आपला संबंध संपला. घर अनसिंगला, गावाच्या कडेला. मागे मोठं आवार, त्यात टिनाचं एक शेड. शेळ्या पाळाव्यात असं बायकोच्या मनात होतं.

आम्हाला एकच मुलगी. लहानपणी ती माझ्याबरोबर जीपच्या खाली शिरायची. आई ओरडायची, पोरीची जात आहे, कपड्यांची काय दशा करून घेतली पाहा. ती पुढे पॉलिटेक्निकला मेकॅनिकल घेऊन शिकली आणि पुण्याकडे एका कारखान्यात लागली. तिथंच काम करणारा एक मुलगा तिनं पसंत केला. तो पुसदचा, बोलायला कमी, इलेक्ट्रिकलचा माणूस. आम्ही फक्त हो म्हणालो. विहारात साधं लग्न झालं.

करोनाच्या काळात कारखाना बंद पडला तसे दोघं आमच्याकडे येऊन राहिले. बंदी थोडी सैल झाल्यावर मी मुलीला घेऊन आमच्याच जिल्ह्यातल्या शिरपूरला गेलो होतो. तिथल्या एका जैन व्यापाऱ्याचं कापडाचं दुकान आहे. माझे एक साहेब तिथल्या मंदिरात दर्शनाला यायचे, तेव्हा मी या दुकानाच्या ओट्यावर बसून राहायचो, त्यामुळे ओळख. बायकोला पडद्याचं कापड हवं होतं. शेठ म्हणाले, माल मागच्या गोदामात आहे, जाऊन पाहून घ्या, मला आता उठवत नाही.

गोदामात बारदान्याचा ढीग होता. मी कापडाचे तागे पाहत होतो. मुलगी बराच वेळ दिसली नाही. मग कोपऱ्यातून तिचा आवाज आला, "बाबा, इकडं या. लवकर या."

तिनं बारदाना ओढून काढला होता. खाली गाडी होती. दोन दारांची, लांब नाकाची, जमिनीला टेकल्यासारखी बसकी. चारही टायर सपाट. काचेवर इतकी धूळ की आत काही दिसत नव्हतं. मी इतकी वर्षं गाड्यांत काढली, पण तशी गाडी मी फक्त कॅलेंडरवर पाहिली होती.

शेठना विचारलं. ते म्हणाले, "ते माह्या मोठ्या भावाची. मुंबईले राहायचा. आखातातून आलेल्या एका माणसाकडून घेतली होती त्यानं. जपानची हाये. गावात दाखवाले म्हणून घेऊन आला, अन् इथंच त्याची तब्येत बिघडली. तो गेला, गाडी राह्यली. कोणी चालवली नाई, कोणाले इकूबी वाटली नाई."

मुलगी बोनेटवर हात ठेवून उभी होती. धुळीत तिच्या हाताचा पंजा उमटला होता. "शेठजी, मले देता का?"

"काय करशील बेटा तिचं?"

"चालवीन."

शेठ हसले नाहीत. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "भंगारात देणार नसशील तर घेऊन जाय."

त्याच वेळी, बोनेट उघडायचा खटका सापडत नव्हता म्हणून ती वाकून चाचपडत होती तेव्हा, मला म्हणाली, "बाकी काही बदलावं लागलं तर बदलू बाबा, पण हिचं इंजिन हिचंच राहील." हे वाक्य मला नीट आठवतं. पुढे ते माझ्या फार उपयोगाला आलं, आणि फार त्रासालाही.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर गाडी अनसिंगला आली. सगळं गाव पाहायला आलं. बायको दारात उभी राहून म्हणाली, "शेळ्या राह्यल्या बाजूलेच." शेडमध्ये गाडी लावली आणि दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिघं तिच्यामागं लागलो.

सीट फाडल्या तर आत उंदरांची पिढ्यान्पिढ्यांची घरं. कापूस, चिंध्या, धान्याची टरफलं. खालचा पत्रा इतका सडलेला की ड्रायव्हरच्या जागेवर बसलं की पायांमधून शेडची माती दिसायची. पेट्रोलच्या टाकीत पेट्रोलचा डांबरासारखा चिकटा झालेला. चारही चाकांचे ब्रेक जाम. मुलगी एकेक भाग काढायची, रॉकेलनं धुवायची, चिठ्ठी बांधून कपाटात ठेवायची. जावई तारांचं जंजाळ घेऊन बसायचे. त्या तारांचे रंगसुद्धा उडून गेले होते, कुठली कुठं जाते ते एकेक टोक धरून शोधावं लागायचं. माझ्याकडे घासकाम. पत्रा घासत बसायचं मला आवडायचं. डोकं रिकामं राहायचं.

बोनेटवर ऊन चांगलं यायचं म्हणून बायकोनं एकदा त्यावर फडकं टाकून मुगवड्या वाळत घातल्या. मुलगी संतापली. "आई, हे गाडी हाये का ओटा?" बायको म्हणाली, "चालत नाई तोपर्यंत ओटाच हाये." त्यावर जावई इतके हसले की त्यांच्या हातातला पाना खाली पडला. त्या माणसाला मी तसं हसताना पुन्हा पाहिलं नाही.

इंजिन जाम होतं. आतले पिस्टन गंजून सिलिंडरला धरून बसले होते. मुलीनं प्लग काढून त्या भोकांतून रॉकेल आणि तेल ओतलं आणि म्हणाली, आता वाट पाहायची. रोज सकाळी चहा घेतला की ती पुढच्या नटाला लांब दांडा लावून जोर द्यायची. हलायचं नाही. पुन्हा तेल. असं बरंच चाललं. एका सकाळी मी शेळीच्या जागेवर, म्हणजे शेळ्या येणार होत्या त्या जागेवर, दात घासत उभा होतो आणि तिची किंकाळी ऐकू आली. मला वाटलं विंचू चावला. ती स्वयंपाकघरात धावत गेली होती आणि भाकरी थापणाऱ्या आईला मागून धरून सांगत होती, "हाललं! आई, हाललं!" आईला काय हाललं ते कळलं नाही, पण तीही हसायला लागली.

मग कारखाना सुरू झाला आणि ते दोघं पुण्याला परत गेले. पुढे दिवाळीला, जोडून आलेल्या सुट्ट्यांना यायचे आणि कामाला लागायचे. जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यातून रबराच्या पट्ट्या, दिव्यांच्या काचा, ब्रेकचे भाग मागवून ठेवलेले असायचे. पार्सल माझ्या पत्त्यावर यायची. पोस्टमन विचारायचा, "पुन्हा जपान का?" काम हळू चाललं होतं, पण घाई कोणालाच नव्हती. सडलेला पत्रा कापून नवा जोडला गेला. चाकं फिरायला लागली. इंजिन मात्र उघडायचं बाकी होतं. ती म्हणायची, ते शेवटी, निवांत उघडू.

एका दिवाळीला ती आली तेव्हाच डोळे पिवळे होते. थकवा आहे म्हणाली. आम्ही गावातल्या डॉक्टरकडे नेलं, त्यांनी वाशीमला पाठवलं, वाशीमवाल्यांनी अकोल्याला. कावीळ होती, पण साधी नव्हती. यकृत बसलं असं डॉक्टर म्हणाले. मी आयुष्यभर दुसऱ्यांना दवाखान्यात नेलं. साहेबांच्या बायकांना, बाळंतिणींना, अपघातातल्या अनोळखी माणसांना. आपण वेळेत पोचलो की पुढचं दवाखाना पाहील असा माझा विश्वास होता. आम्ही वेळेत पोचलो होतो. डॉक्टरांनी काही कमी केलं नाही. ती शुद्धीत होती तोवर आईचा हात धरून होती. नंतर शुद्ध नव्हती. आणि मग तीच नव्हती.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. पांढऱ्या कपड्यातली माणसं येऊन बसली, बोलली, जेवली, गेली. जावई शेवटपर्यंत थांबले. जाताना त्यांनी शेडकडे पाहिलं नाही. मीही पाहत नव्हतो. बायकोनं जुन्या चादरीचं कापड शोधून गाडीवर टाकलं आणि चार बाजूंनी विटा ठेवल्या.

मग बरेच महिने गेले. जावयांचा फोन यायचा. "कसे आहात?" "आहोत." "जेवलात का?" "जेवलो." बायको फोन हातात घ्यायची आणि नुसती ऐकायची.

उन्हाळा चढला होता. एका दुपारी कुत्रं भुंकलं म्हणून दार उघडलं तर जावई उभे. खांद्याला पिशवी, हातात हत्यारांची पेटी. बस स्टँडपासून पायी आले होते, चेहरा रापलेला. मी पाणी दिलं. ते प्याले आणि म्हणाले, "मामाजी, गाडीचं पाहू म्हटलं."

आम्ही दोघं मागे गेलो आणि विटा उचलल्या.

त्या दिवसापासून ते सुट्टी मिळेल तसे येऊ लागले. आम्ही फारसं बोलत नसू. दहाचा पाना द्या. इकडून धरा. सोडा आता. एवढंच. तिचं नाव दोघांपैकी कोणी घेत नसे. कपाटात तिच्या हातच्या चिठ्ठ्या बांधलेले भाग होते. एखादा भाग काढला की ते आधी चिठ्ठी सोडून खिशात टाकायचे आणि मग भाग माझ्या हातात द्यायचे. मी पाहिलं नाही असं दाखवत असे. बायको मागच्या दारात सूप घेऊन तूर निवडत बसायची. कधी तूर संपलेली असायची, तरी बसलेली असायची. हातोडीचा आवाज बंद झाला की आतून विचारायची, "काहून थांबले?"

शेवटी इंजिन उघडायची वेळ आली. वरचं डोकं, म्हणजे हेड, काढलं आणि जावई वाकून पाहत राहिले. मीही वाकलो. दोन सिलिंडरच्या मधल्या भिंतीला, जिथं आतून पाणी फिरतं तिथं, गंजानं खाऊन भोक पाडलं होतं. इतकी वर्षं आत साधं पाणी साचून राहिलं होतं. वरून दिसत नव्हतं, आतून पोखरत गेलं होतं.

आम्ही तो ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य सांगाडा, टेम्पोत घालून अकोल्याला एका वर्कशॉपमध्ये नेला. तिथल्या कारागिरानं टॉर्च मारून पाहिलं, बोट फिरवलं आणि म्हणाला, "स्लीव्ह टाकून देतो. नवी नळी बसवायची आतून. पण बाजूचं लोखंड किती राह्यलं ते सांगता येत नाही. चाललं तर चाललं. मी जबाबदारी नाही घेत."

परत येताना टेम्पोत जावई म्हणाले, "मामाजी, इंजिन बदलू."

"म्हणजे?"

"आपल्याकडं ज्या मोठ्या प्रवासी गाड्या चालतात ना, त्यातल्या एका जुन्या मॉडेलचं पेट्रोल इंजिन बसू शकते. तेबी मागच्या चाकांवरच चालते. अपघातातल्या गाडीचं चांगलं भेटते. थोडं कापावं लागंल, जोडावं लागंल. पण चालंल, अन् चालतच राहील."

"हे इंजिन हिचंच राहील," मी म्हणालो.

"हे गेलं, मामाजी."

"गेलं नाई. तो माणूस म्हणाला स्लीव्ह टाकतो."

"तो जबाबदारी नाई घेत म्हणाला ना?"

"मी घेतो." माझा आवाज चढला होता. टेम्पोवाल्यानं आरशातून पाहिलं. "तिनं मले सांगतलं होतं. शिरपूरच्या गोदामात. बाकी काही बदला, हिचं इंजिन हिचंच राहील. माह्या कानानं ऐकलं."

जावई खिडकीबाहेर पाहत होते. मग ते हळू म्हणाले, "मले ती म्हणाली होती की ब्लॉक खराब निघाला तर दुसरं टाकू. पुण्याले असताना. आमचं बोलणं झालं होतं."

"मले नाई सांगतलं तिनं तसं."

"सगळंच तुमाले सांगत होती का ती?"

ते बोलून गेल्यावर त्यांना वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी तो हात काढला नाही. अनसिंगपर्यंत ब्लॉक आमच्या पायाशी पडून होता आणि खड्डा आला की सरकत होता. मला राहून राहून वाटत होतं, की जी मुलगी मी वाढवली ती एक आणि या माणसानं लग्न केलं ती दुसरीच. दोघींची तोंडओळखही नव्हती एकमेकींशी.

पुढच्या खेपेला जावई ते दुसरं इंजिन घेऊनच आले. टेम्पोतून उतरवलं, शेडमध्ये ठेवलं. मी घरात पेपर वाचत राहिलो. ते जेवायला आत आले, जेवले, पुन्हा कामाला गेले. मी उठून बस स्टँडवर गेलो. आमच्या स्टँडवर गाड्या थोड्या, बाकं मोकळी. तिथं बसून मी एसटीत चढणारी-उतरणारी माणसं पाहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. त्यांच्या त्या खेपेत मी शेडमध्ये पाऊल टाकलं नाही, आणि त्यानंतरच्या खेपेतही नाही. लोक विचारायचे, "काहून बसले इथी?" मी म्हणायचो, हवा चांगली आहे.

एका दुपारी बायको स्टँडवर आली. ती कधी येत नाही. पदरानं तोंड पुसत माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "ते एकटेच उचलून राह्यले ते धूड. साखळी लावली हाये आढ्याले. हात सटकला तर पायावर येईन."

"त्यायचं ते पाहून घेतील."

"एक गेली," ती म्हणाली. "आता याचा पाय मोडाची वाट पाहता का?"

मी उठलो.

शेडमध्ये इंजिन साखळीला अर्धवट लटकत होतं आणि जावई एका हातानं साखळी, एका हातानं इंजिन धरून उभे होते. घामानं डोळे उघडत नव्हते. मी साखळी हातात घेतली. त्यांनी इंजिन दोन्ही हातांनी सावरलं. "खाली," ते म्हणाले. मी इंचाइंचानं सोडत गेलो. "थांबा. डावीकडं. खाली." ते जागेवर बसलं तेव्हा दोघांनीही एकदम श्वास सोडला. त्यानंतर मी पुन्हा स्टँडवर जाऊन बसलो नाही.

काम पुष्कळ होतं. इंजिन बसवायचे आधार नव्यानं वेल्ड करावे लागले. मागे ताकद नेणारा लांब दांडा कापून आखूड करावा लागला. नवा रेडिएटर, नवा पंखा. जावयांनी सगळं वायरिंग नव्यानं केलं, डॅशबोर्डवरची घड्याळं बदलली, टायर रुंद घातले. मला ते रुंद टायर आवडले नाहीत आणि मी तसं म्हणालो. ते म्हणाले, "रस्त्याले चिकटून चालंल, मामाजी." मी म्हणालो, "चिखलाले चिकटंल." तेवढ्यावर त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, पण हसू आलं नाही. रंग मात्र आम्ही मूळचाच दिला. डॅशबोर्डच्या मागे, ऊन न पोचलेल्या पत्र्यावर तो सापडला होता. हळदीसारखा पिवळा. जुनं इंजिन शेडच्या मागे फळकुटावर पडून राहिलं. मी त्यावर प्लास्टिक टाकलं.

गाडी सुरू झाली ती सकाळची वेळ होती. बायको कणीक मळता मळता तशीच बाहेर आली. जावयांनी किल्ली फिरवली, एकदा, दोनदा, आणि इंजिन लागलं. गुळगुळीत आवाज. आजच्या कुठल्याही गाडीचा असतो तसा. मला वाटलं होतं की काहीतरी वेगळं होईल, छाती भरून येईल. तसं काही झालं नाही. बायको म्हणाली, "झालं का मंग?" जावई म्हणाले, "झालं." ती आत गेली.

ती गाडी डांबरी रस्त्यावर काढता येणार नव्हती. नोंदणी मुंबईची, मालक वारलेला, कागद कधीचे संपलेले, आणि आता इंजिनही दुसरंच. मी सरकारी चालक. बिनकागदाची गाडी मी हायवेवर नेणार नाही, हे मी आधीच सांगितलं होतं. म्हणून आम्ही घराच्या मागच्या पांदण रस्त्यानं शेतांकडे निघालो. सोयाबीन निघून गेलं होतं, रानं उघडी पडली होती, तुरी तेवढ्या उभ्या होत्या. मी चालवत होतो. गाडी इतकी बसकी की दोन्ही बाजूंची तूर आमच्या डोक्यावरून जात होती. दिसायला पुढचा रस्ता आणि वरचं आभाळ, बाकी काही नाही.

नाल्याजवळ रस्ता संपला. मी इंजिन बंद केलं आणि म्हणालो, "आता तुमी चालवा."

जावयांनी मान हलवली. "मी नाई."

"काहून?"

ते समोरच्या काचेतून पाहत राहिले. मग म्हणाले, "मामाजी, घरचे माहं लग्न ठरवून राह्यले. मी नाई म्हणत होतो. आई ऐकत नाई. मुलगी यवतमाळची हाये. मी हो म्हणालो."

तूर वाऱ्यानं गाडीच्या पत्र्याला घासत होती. मला सगळ्यात आधी जे सुचलं ते असं की आता हे यायचे नाहीत. मग लाज वाटली. हा माणूस पस्तिशीतला, त्यानं काय माझ्या आवारात पाने फिरवत म्हातारं व्हायचं होतं? मी म्हणालो, "बरं केलं."

"तुमाले वाईट वाटलं."

"वाटलं," मी म्हणालो. "पण तुमी बरंच केलं."

त्यांनी डॅशबोर्डवर कपाळ टेकलं आणि ते रडले. तिच्या जाण्यानंतर मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. दवाखान्यातही ते कोरडेच होते, मला तेव्हा त्याचा रागही आला होता. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि नाल्याकडे पाहत राहिलो. परत येताना गाडी मीच चालवली.

बायकोला घरी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "साडी घ्यावी लागंल तिच्यासाठी." लग्नाला आम्ही दोघंही गेलो. माणसं कुजबुजत होती, हे कोण, हे मुलाचे आधीचे सासू-सासरे. बायकोनं नव्या नवरीला साडी दिली, तिच्या गालावरून हात फिरवला. मुलगी चांगली होती. ती वाकून आमच्या पाया पडली आणि तिला काय म्हणून हाक मारावी हे आम्हाला दोघांनाही कळलं नाही. बायको म्हणाली, "सुखी राह्य, बाई." परतीच्या बसमध्ये ती खिडकीला डोकं लावून झोपली, किंवा झोपल्यासारखी राहिली.

त्यानंतर काही महिन्यांनी जावयांचा फोन आला. पुण्याजवळ त्यांच्या एका मित्राचं मोठं आवार आहे, तिथं जुन्या गाड्या ठेवतात, निगा राखतात. गाडी तिकडे न्यावी का? इथं उभी राहून पुन्हा सडेल. मी आठवड्यातून एकदा ती सुरू करत होतो, पण पावसाळ्यात खारींनी वायरी कुरतडल्या होत्या आणि मला ते काम येत नव्हतं. मी म्हणालो, "न्या. तुमची हाये ते."

"तिची हाये, मामाजी."

"तेच म्हणतो. न्या."

ट्रक आला. गाडी फळ्यांवरून वर चढवली. ते एकटेच आले होते. जुनं इंजिन दाखवून त्यांनी विचारलं, "हे?" मी म्हणालो, "हे राहू द्या."

शेड रिकामं झालं. बायकोनं शेळ्यांचं नाव काढलं नाही. मी ते इंजिन अकोल्याला नेलं, त्याच कारागिराकडे. "स्लीव्ह टाका," म्हणालो. त्यानं पुन्हा सांगितलं की जबाबदारी घेणार नाही. मी म्हणालो, माहीत आहे. त्यानं काम नीट केलं. मी ते घरी आणलं, लोखंडी चौकटीवर बसवलं आणि एकेक भाग जोडत गेलो. वेळ खूप होता. माझे हात आता पहिल्यासारखे चालत नाहीत, छोटे नट पडतात, मग चटईवर बसून शोधावे लागतात. बायको मागच्या दारात येऊन विचारायची, "गाडी तर गेली. हे कायले करून राह्यले तुमी?" मी पडलेला नट शोधत राहायचो. ती उत्तरासाठी थांबायचीही नाही.

ते सुरू झालं. खरंच सुरू झालं. आवाज खरखरीत, जाडसर, त्या दुसऱ्या इंजिनासारखा मुळीच नाही. मी चौकटीला धरून उभा होतो आणि ती चौकट माझ्या हातात थरथरत होती. काही मिनिटं चाललं. मग मागच्या नळीतून पांढरा धूर यायला लागला, दाट, गोडसर वासाचा. मी बंद केलं. तेलाची पट्टी काढून पाहिली तर तेल दुधाच्या चहासारखं झालं होतं. पाणी पुन्हा आत शिरलं होतं. नव्या नळीच्या बाजूचं लोखंड फुटलं होतं.

मी हात पुसले आणि जावयांना फोन लावला. म्हणालो, "तुमचं बरोबर होतं. ते इंजिन गेलेलंच होतं. तिनं तुमाले सांगतलं तेच बरोबर."

पलीकडे कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. मग ते म्हणाले, "मामाजी, ती मले तसं काही म्हणाली नवती."

"म्हणजे?"

"आमचं इंजिनाबद्दल बोलणंच झालं नवतं कधी. ब्लॉक खराब निघंल हे तिले कुठी माहीत होतं? मले गाडी चालू कराची होती. कशीबी. म्हणून म्हणालो तसं."

मला राग यायला हवा होता. पण मी गोदामातल्या त्या वाक्याचा विचार करत होतो. तेव्हा तिनं अजून बोनेटसुद्धा उघडलं नव्हतं. आत काय आहे ते तिनं पाहिलं नव्हतं. पाहिल्यावर ती काय म्हणाली असती ते मला ठाऊक नाही, यांना ठाऊक नाही, आणि आता कोणालाच ठाऊक होणार नाही. तिच्याबद्दल आमच्याकडे जे काही आहे ते एवढंच, आणि ते पुरत नाही.

"मामाजी, आहात का?"

"आहे."

"रागावले का?"

"नाई," मी म्हणालो. "घरचे कसे आहेत?"

ते म्हणाले, बरे आहेत. त्यांच्या बायकोला दिवस गेलेत. मी म्हणालो, जपा तिला, उन्हात हिंडू देऊ नका. ते हो म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "मामी कुठी हायेत?" मी फोन आत नेऊन बायकोच्या हातात दिला आणि ती नेहमीसारखी नुसती ऐकत उभी राहिली.